अण्णांचं पांढरं खोकं

आमच्या रामवाडीत शेजारच्या अण्णांसमोर "काय उकडतंय!" म्हणायची सोय नाही. पाहुणा असो की दूधवाला, अण्णा त्याच्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, "मोजलंस?" मग त्याला अंगणाच्या कोपऱ्यातल्या झडपांच्या पांढऱ्या खोक्यापाशी नेतात, दार किलकिलं करून पारा स्वतः वाचतात आणि आकडा सांगतात. तोवर त्या माणसाला आणखीच उकडायला लागतं.

खोक्यात दोन तापमापक आहेत. एकाच्या बुडाला ओली चिंधी. दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा काढायचा, असं ते शास्त्र. शेजारी पाऊस मोजायचं नळकांडं, आणि बांबूवर वाऱ्याने गरगरणाऱ्या स्टीलच्या वाट्या. या वाट्या अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, माहेरच्या. "पाव्हनं आलं की आमटी पानातच वाढते मी," काकी सांगतात. कंपनीतून रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, अण्णा खोक्यात गेले. पारा वाचायचा हक्क फक्त त्यांचा. एकदा मी डोकावून आकडा सांगितला, तर म्हणाले, "वाकडा उभा हायस. आकडा चुकनार."

मे महिन्यात तर त्यांचं बूड कुठे टेकत नाही. जेवता जेवता उठून खोकं बघून येतात. एका लग्नात हातात अक्षता घेऊन माझ्या कानाशी लागले, "मांडवात भायेरपेक्षा दोन अंश जास्त हाय. भटजींना आवरतं घ्यायला सांग."

यंदाची त्यांची तगमग मात्र निव्वळ हवेची नव्हती. त्यांची धाकटी बहीण शकूताई रोह्याला दिलेली. दर उन्हाळ्यात ती तांदळाच्या फेण्या करते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पातळ पीठ ताटलीत पसरून वाफवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. एकदा तांदूळ भिजले की माघार नाही. आभाळ भरून आलं म्हणून पीठ थांबत नाही, आंबून जातं. म्हणून "भिजत घालू का रे?" हे ती दरवर्षी अण्णांना फोन करून विचारायची. त्या एका फोनसाठी अण्णा वर्षभर पारा बघत असावेत, असं मला आता वाटतं.

गेल्या वर्षी अण्णा म्हणाले, "घाल बिनधास्त." फेण्या गच्चीवर पसरल्या आणि अवकाळी पावसाने त्यांची पेज केली. दुसऱ्या दिवशी अण्णा रोह्याला गेले, तर शकूताई सगळ्या आळीसमोर म्हणाली, "तुझं खोकं कोंबड्यांना दे, अंडी तरी घालतील." तेव्हापासून अबोला. भाऊबीजेला आली, ओवाळलं, लाडू भरवला, पण तोंडातून ब्र काढला नाही.

मी नोकरीला रोज एसटीने रोह्याला जातो. एका सकाळी अण्णांनी मला स्टॉपवर गाठलं.

"शकूला सांग, या आठवड्यात तांदूळ भिजवू नको. दमटपना चढतोय, ढग येनार."

"तुम्हीच करा ना फोन."

"करतो रे. उचलत नाय."

मी निरोप दिला. शकूताई ओट्यावर वाल निवडत होती. "त्याला कोनी इचारलं?" म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.

आणि मग जे ऊन तापलं! आठवडाभर ढगाचा ठिपका दिसला नाही. अण्णा खोक्याभोवती येरझाऱ्या घालत होते. "दमटपना तर हाय! मग ढग कुठं गेलं?"

उत्तर काकींनी दिलं, तेही नकळत. पावसाळ्याआधी घरातल्या गोधड्या धुऊन घ्यायच्या, ही आपली रीत. काकी रोज गोधड्या धुऊन खोक्यामागच्या दोरीवर टाकत होत्या. अण्णांची नजर पाऱ्यावर, मागे काय वाळतंय ते दिसणार कसं? शेवटची गोधडी घरात गेली आणि दमटपणा एकदम उतरला. अण्णा रिकाम्या दोरीकडे बघत राहिले. आता काकींची खैर नाही असं मला वाटलं, पण ते मटकन ओट्यावर बसले.

"गोधड्यांचा दमटपना मी रोह्याला धाडला," म्हणाले. "आता शकू जन्मात इचारनार नाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी शकूताईकडे गेलो. आळीतल्या सगळ्या गच्च्या फेण्यांनी पांढऱ्या झाल्या होत्या. हिचीच गच्ची रिकामी.

"ताई, तुमच्या फेण्या?"

"नाय घातल्या. अण्णा नको म्हनाला ना?"

मी गोधड्यांची सगळी कथा सांगितली. ती पोट धरून हसली, पदराने डोळे पुसले, आणि पुसता पुसताच म्हणाली,

"गेल्या साली नको ते बोलले रे मी. खाली मान घालून गेला तो. पानी पन नाय इचारलं." मग म्हणाली, "त्याला इचार, आता भिजत घालू का?"

संध्याकाळी एसटीतून उतरलो तो थेट अण्णांच्या अंगणात. निरोप ऐकून ते ओट्यावरून उठले.

"शकूनं इचारलं? सोताहून?"

"हो, अण्णा."

"थांब. मोजून सांगतो."

खोक्याचं दार उघडून ते पाऱ्यासमोर उभे राहिले. बराच वेळ झाला. वाट्या गरगरत होत्या. शेवटी मीच जवळ गेलो.

"किती आहे, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसते बाजूला सरकले.

"दिसत नाय रे," म्हणाले. "तू वाच. पन सरळ उभा ऱ्हा."