वन्संची पहिली गादी

प्रिय सई आणि नील,

परवा फोनवर सई सांगत होती की ती शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये फर्स्ट बेसला उभी राहते आणि तिच्या पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा झालाय. बेसच्या मधोमध पाय ठेवून ती उभी होती आणि धावत आलेली मुलगी तिच्या पायावरूनच गेली. एवढं सांगून तिने मला सॉफ्टबॉल म्हणजे काय तेही समजावलं. मी सगळं निमूटपणे ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र ठरवलं की आता लिहायलाच हवं. आपल्या घरातल्या मुलीचा अंगठा फर्स्ट बेसवर चिरडावा, हा कुसुमवन्संचा अपमान आहे.

कुसुमवन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. नवऱ्याच्या बहिणीला आम्ही वन्सं म्हणायचो. भिवंडीच्या एका मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. पाचवारी साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी, असा त्यांचा वेष स्वयंपाकघरातही बदलत नसे.

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी त्या घरात आले. पहिल्याच सकाळी मी म्हटलं, "वन्सं, जरा लिंबू देता का?"

लिंबू आलं, पण हवेतून. ते माझ्या कपाळावर आपटलं आणि पोह्यांच्या कढईत पडलं.

"दोन्ही हात!" वन्सं कडाडल्या. "एका हाताने झेलतात होय गं?"

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. झेलणे हा विषय आम्हाला नव्हता.

त्या घरात कुठलीच वस्तू सरळ हातात मिळत नसे. किल्ल्या, साबण, बटाटे, धुतलेले कपडे, सगळं फेकलं जायचं. तुमचे आजोबा वर्तमानपत्र मांडीवर टाकून साबण झेलत आणि पुन्हा अग्रलेखाकडे वळत. फक्त सासूबाईंना वन्सं पानाचा डबा हातात देत, कारण सासूबाई तो परत फेकायच्या आणि त्यांचा नेम फार वाईट होता. एकदा नात्यातल्या लग्नात अंतरपाट दूर झाला आणि नवरी लाजत लाजत एका हाताने हार पुढे करू लागली. मांडवाच्या टोकावरून आवाज आला, "दोन्ही हात!" नवरीने दचकून दोन्ही हातांनी हार घातला. नवरदेवाने तर न सांगताच घातला.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे उभं राहणं. दाराच्या मधोमध कोणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. "पाय कडेला! येणाऱ्याने जायचं कुठून?" भाजीवाली असो की पोस्टमन, सगळे आमच्या दाराशी चौकटीला चिकटून उभे राहायचे.

शाळेत सॉफ्टबॉल त्यांनीच आणला. कुठल्याशा शिबिरात शिकून आल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलींना मैदानावर उभं केलं. बेस कुठून आणायचे? भिवंडीत गल्लोगल्ली लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, त्यामुळे सुताचा कचरा पोत्यांनी मिळायचा. वन्संनी गोणपाटाच्या चौकोनी पिशव्या शिवल्या आणि त्यात तो ठासून भरला. मुली त्यांना गादी म्हणू लागल्या. पहिली गादी, दुसरी गादी, तिसरी गादी.

पहिल्या गादीवर चंद्रा होती. (नील, तुला म्हणून सांगते: धावणारी पोचायच्या आत चेंडू झेलून गादीला पाय टेकवला की ती बाद.) दिघाशी गावाहून एसटीने यायची. वर्गात सगळ्यांत उंच. घरी भाताचे भारे रचताना वडील खालून फेकत आणि ही वर उभी राहून झेलत असे, त्यामुळे तिच्या हातून चेंडू सुटत नसे. अडचण एकच होती. ती हुतूतू खेळत वाढलेली. अंगावर कोणी धावून आलं की तिला राहवत नसे. ती चेंडू टाकून द्यायची आणि धावणाऱ्या मुलीला कमरेला मिठी मारून जमिनीवर पाडायची.

"अगं, ती पाहुणी आहे!" वन्सं शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायच्या. "पाहुणीला वाट द्यायची!"

"पन बाई, ती जातेय ना!"

"जायलाच आलीय ती! तू तिला जेवायला ठेवणार आहेस का?"

अशाच एका मिठीत समोरच्या मुलीचं कोपर चंद्राच्या तोंडावर बसलं आणि ओठ फुटला. त्याच संध्याकाळी तिचे वडील आमच्या दारात उभे. चौकटीला चिकटून नव्हे, मधोमध. आणि वन्सं त्यांना काही बोलल्या नाहीत, यावरून मला प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"बाई, पोरीचा थोबाड फुटलाय."

"ओठ सुजलाय. मी बर्फ लावलाय."

"आज ओठ, उद्या पाय मोडला तं? लंगड्या पोरीला कोन करंल? तिची आयस बोलते, खेल पन नको न् शाला पन नको."

"येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी मॅच आहे. तुम्ही स्वतः येऊन बघा. तिला जरा जरी लागलं तर मी तिला खेळातून काढते."

"खेलातून न्हाय. शालेतून. लागला तं शाला बंद. मी बोललो."

ते गेल्यावर वन्संनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "शैला, उद्यापासून तू धावायचंस."

मैदानावरच्या मुली धावताना चंद्राला घाबरत. त्यामुळे पाहुणी म्हणून मी. रोज शाळा सुटल्यावर साडी खोचून मी पहिल्या गादीकडे धावायचे, इंग्रजी साहित्याची पदवीधर, आणि शाळेचा शिपाई कुंपणाला टेकून हसायचा.

सई, पुढचं नीट वाच. वन्सं चंद्राला गादीच्या मध्यावर पाय ठेवूच देत नसत. मैदानाच्या आतल्या बाजूची कड, तिला बुटाचं टोक टेकलेलं, बस. बाकीची सगळी गादी धावणारीची. चेंडू कुठून येतोय ते दिसेपर्यंत दोन्ही पाय मोकळे ठेवायचे, आधीच ताणून उभं राहायचं नाही. चेंडू दिसला की मगच एक पाय कडेला आणि दुसरा चेंडूच्या दिशेने. आणि चेंडू वाकडा आला तर गादी सोडायची.

हे शेवटचं चंद्राला पटेना. "गादी सोडली तं ती वाचंल ना, बाई?"

"वाचू दे. चेंडू गेला तर सगळ्याच वाचतील. चेंडू हातात असला तर तो तिच्या अंगाला टेकवलास तरी ती बाद. आणि तू वाटेत ताणून पडलीस तर तू वाचणार नाहीस. चेंडू आधी, गादी मागून!"

पहिल्या दिवशी तिने मला दोनदा पाडलं. शनिवार जवळ आला तेव्हा मी तिच्या शेजारून वाऱ्यासारखी जात होते. निदान मला तसं वाटायचं.

कल्याणच्या शाळेची टीम आली, आणि तिच्यात एक मुलगी होती, चांगली दणकट, धावली की धूळ उडायची. मैदानाच्या भिंतीवर शिफ्ट संपवून आलेले लूमवाले बसले होते. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ले चालू होते. चंद्राचे वडील झाडाखाली उभे होते, हात मागे बांधून. ते चेंडूकडे बघतच नव्हते. त्यांची नजर पोरीच्या पायांवर होती.

शेवटचा डाव आला. आमच्याकडे एका धावेची आघाडी, त्यांच्या दोघी बाद, दोघी गाद्यांवर, आणि बॅट त्या दणकट मुलीच्या हातात. तिने चेंडू जमिनीलगत मारला आणि सुटली. आमच्या नसीमने तो अडवला, पण घाईघाईत भलताच फेकला. चेंडू पहिल्या गादीकडे न जाता अलीकडे, थेट धावणारीच्या वाटेजवळ येऊ लागला. चंद्रा गादीवरून ताणली असती तर दोघी समोरासमोर आदळल्या असत्या. मी डोळे मिटणार होते.

चंद्राने गादी सोडली.

"अरे, गद्दी छोड़ दी!" भिंतीवरून आरडाओरडा झाला. "पागल लड़की, गद्दी क्यों छोड़ी?"

ती आतल्या बाजूने पुढे आली, दोन्ही हातांनी चेंडू घेतला आणि वाटेतून बाजूला झाली. दणकट पाहुणी तुफान वेगाने तिच्या शेजारून निघाली. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला जाता जाता अत्तर लावावं, तसा चंद्राने हात पुढे करून चेंडू तिच्या दंडाला टेकवला. धक्का नाही, मिठी नाही. पंचांचा हात वर गेला.

बाद! जिंकलो!

भिंतीवरचे सगळे खाली उड्या मारून आले. "हम बोले थे ना, छोड़ गद्दी!" असं एकजण छातीठोकपणे सांगत होता. मुलींनी चंद्राला उचलायचा प्रयत्न केला, पण तेवढी उंची त्यांना पेलेना, म्हणून नसीमलाच उचललं.

चंद्राचे वडील गर्दीतून वाट काढत आले. "लागला का गो?"

"न्हाय बा. कुठंच न्हाय."

त्यांनी तरीही तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. मग वन्संकडे वळले. "बाई, मॅट्रिकपरत खेलवा हिला."

वन्संनी मान डोलावली.

मग त्यांचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. मॅचनंतर एकही मुलगी एकटी घरी जाता कामा नये, हा त्यांचा नियम होता. वडील, आई, काका, जो कोणी न्यायला येई त्याच्या हाती त्या मुलगी सोपवत आणि वर "पोरीला आज गोड काहीतरी द्या" असं बजावत. नसीमला तिचा भाऊ सायकलवर घेऊन गेला. चंद्रा वडिलांबरोबर एसटीसाठी धामणकर नाक्याकडे निघाली. मैदान रिकामं झालं. वन्सं एकट्याच गाद्यांची धूळ झटकत राहिल्या.

"चला, निघायचं?" मी म्हटलं.

"तू हो पुढे. मी येते आवरून. मला काय, कोण न्यायला येणार आहे? रोजच एकटी येते की." अगदी हसत म्हणाल्या.

"मी आलेय ना न्यायला."

"तू मॅच बघायला आलीस."

"नाही. तुम्हाला न्यायला आलेय."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग गाद्यांची थैली सरळ माझ्या हातात दिली, उरलेलं सामान उचललं आणि माझ्याबरोबर चालू लागल्या. नाक्यावर ट्रक आणि रिक्षांची गर्दी होती. एरवी त्या शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवायच्या. त्या दिवशी त्यांनी माझा दंड धरला आणि मी नेईन तसा रस्ता ओलांडला.

वन्संना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मैदानाचा अर्धा भाग इमारतीत गेला. उरलेल्या अर्ध्यावर मुली अजून सॉफ्टबॉल खेळतात.

तुमची आजी