पुंडलिकजींची फेरी

सोनाळ्यात आमच्या शेजारी राहणारे पुंडलिकजी रोज सव्वापाचला आमच्या घराभोवती एक फेरी मारत. एकशे अठरा पावलं. मी मोजली आहेत. फाटकातून आत, विहिरीला वळसा, गोठ्यामागून बाहेर. जाताना प्रत्येकाकडे एकदा बघायचं, बस्स.

"भाऊजी, बसा, चहा टाकते," आमची ही म्हणे.

"मुशी बसत नसते, वहिनी."

अरबी समुद्रातल्या एका बेटावर, दीपगृहाच्या नोकरीत, त्यांची अकरा वर्षं गेली होती. आमच्या गावातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. पण मुशी म्हणजे शार्क मासा, हे त्यांच्यामुळे शेंबड्या पोरालाही माहीत. शाळेत गोंगाट होवो की ग्रामपंचायतीत भांडण, त्यांचं म्हणणं एकच, "मुशी फिरली पाहिजे."

"फिरून काय होते?" मी एकदा विचारलं.

"पोवळ्याच्या खडकाभोवती ते फिरते, म्हणून मधले दांडगे मासे दबून राह्यतात. म्हणून बारके वाचतात. बारके शेवाळ खातात, अन् पोवळं मोकळं राह्यते. एका बाजूच्या मुश्या लोकायनं मारल्या, तं चार वर्षांत खडक हिरवागार! म्या डोयानं पाह्यलं."

"अन् आमच्याकडे कोणाले दाबता?"

"वहिनीच्या आवाजाले."

"ऐकू येऊन राह्यलं मले!" ही चुलीजवळून ओरडली.

खरं सांगायचं तर सव्वापाचला आमच्या घरातली भांडणं थांबत.

मग थोरलीला पाहायला रोहिणखेडचे पाहुणे यायचे ठरले. वेळ नेमकी पाचची. हिनं बजावलं, म्हणून मी पुंडलिकजींकडे गेलो. "उद्या फेरी नका मारू. पाहुण्यायले काय सांगावं?"

"हाव, बरोबर हाय तुमचं." ते म्हणाले. "तिथं बेटावर एक मुशी रोज भरतीले ये. एक फेरी मारे अन् जाये. अकरा वर्षांत मले भेटाले आलेली तेवढीच."

दुसऱ्या दिवशी पाहुणे पोहे खात होते आणि मी फाटकाकडे बघत होतो. सव्वापाच झाले. पाच वीस झाले. आमचा कुत्रासुद्धा फाटकाशी जाऊन आला.

सहाला पाहुणे होकार देऊन गेले. मी हातात पेढे घेतले आणि पुंडलिकजींच्या घराभोवती एक फेरी मारली. छप्पन्न पावलं.

"कोण हाय बे?" आतून आवाज आला.

"मुशी."

कडी वाजली. दारात उभं राहून त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"मुशी बसत नसते," ते म्हणाले, आणि त्यांनी घाईघाईनं सतरंजी अंथरली. "पण तुम्ही बसा."