कांबळे कोबीशी बोलतात

अ‍ॅमस्टेलव्हीन या आमच्या हॉलंडमधल्या गावच्या सुपरमार्केटात कुणी इसम कोबीच्या गड्ड्याशी अगम्य भाषेत बोलताना दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी, मिलिंद कांबळे. भाषांचे संशोधक. वरच्या मजल्यावरच्या डच बाईंनी एकदा काळजीने त्यांना डॉक्टरकडे जायला सुचवलं होतं.

कांबळे बोलतात ती हिमालयातल्या, किन्नौरमधल्या एका गावची बोली. दोन डोंगर ओलांडले की ती कुणाला कळत नाही. एका आजींच्या घरी दोन वर्षं राहून ते ती शिकले. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून सायकलवर, लिफ्टमध्ये, भाजीपुढे सराव. "जीभ गंजते हो," हे त्यांचं पालुपद. एकदा ट्राममध्ये 'उंबरठा'साठी त्या बोलीतला शब्द आठवेना, तर गृहस्थ तीन स्टॉप पुढे गेले.

दर रविवारी सकाळी आजींना फोन. समोर चाळीस शब्दांची यादी, हातात टोक काढलेली पेन्सिल. मध्यंतरी तीन रविवार फोन लागलाच नाही. कांबळे आमच्या सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसत आणि माझ्या बायकोला विचारत, "वहिनी, तिकडे बर्फ पडलाय. छतावरचा कोणी काढला असेल?" मी आपला "नेटवर्क गेलं असेल" म्हणायचो. खरं सांगतो, माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

गेल्या रविवारी आमच्याच सोफ्यावर फोन लागला. आजी मोबाइल घरीच ठेवून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी खाली रामपूरला गेल्या होत्या. कांबळे तासभर बोलले, हसले, डोळे पुसले. यादीवर एकही खूण नाही.

"शब्द विचारले नाहीत?"

"राहिले." मग खाली बघत म्हणाले, "एक घोळ झालाय. आजी दर वेळी विचारतात, तिथे तुझ्याशी आपल्या बोलीत कोण बोलतं? मी सांगून बसलोय, शेजारी बोलतात. रोज जेवायला बोलावतात. आता पुढच्या रविवारी त्यांना तुमच्याशी बोलायचंय. नाहीतर त्या काळजी करत बसतील हो."

मराठीलाही डचमध्ये उत्तर देणारी आमची लेक इरा टॅब टाकून आली. "काय बोलायचं, काका?"

"एवढंच सांग, काका आमच्याकडे जेवतात."

ते वाक्य इराने तीनदा घोकलं. तोवर बायकोने चौथं ताट मांडलं होतं.

"भावजी, आधी जेवायला बसा," ती म्हणाली. "पोरीला खोटं बोलायला लावू नका."