मॅकसाहेबांच्या कोटाचं गाऱ्हाणं

कापडाला कात्री लावण्याआधी परब मास्टर गाऱ्हाणं घालतात. नुसता नमस्कार नव्हे. उभं राहून, हात जोडून, गावच्या देवाला खणखणीत हाक मारून, रीतसर. ते 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतात आणि समोर जे गिऱ्हाईक असेल त्यानं दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाही म्हटलं तर कात्री उचलली जात नाही. ओमानमधल्या दार्सैतच्या आमच्या गल्लीत मलबारी किराणावाला आणि इस्त्रीवाला पठाण हे दोघेही बिनचूक मालवणीत 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मी मूळची पुण्याची, इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते, देवधर्माचा मला भारी कंटाळा. पण ब्लाउज हवा असेल तर मीही म्हणते. करता काय!

मूळ कारण भीती. अहो, शिंप्याला कात्रीची भीती! 'शिवलेला उसवूक येता, बाई, कापलेला जोडूक येणा नाय,' हे त्यांचं पालुपद. आणि एकट्या कात्रीचीच कशाला? लिफ्टची भीती, म्हणून चार मजले चढून जातात. हरवेल या भीतीनं रेसिडेंट कार्ड एकात एक अशा तीन पिशव्यांत ठेवलेलं. पोलिसानं मागितलं तर ते बाहेर यायला पाच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मास्टर घामानं निथळतात. दुकानाचा ओमानी मालक, म्हणजे अर्बाब, बिचारा वर्षातून दोनदा येतो, खजुराचा डबा देऊन जातो. तो येणार म्हटलं की मास्टर चार दिवस आधीपासून जेवत नाहीत. 'कित्याक येता असात ओ?' असं मलाच विचारत बसतात.

एका संध्याकाळी त्यांचा मला फोन. 'बाई, एक गोरो इलो हा. लवकर येवा. इंग्लिश बोलता.'

दुकानात साठीचे एक उंच स्कॉटिश गृहस्थ उभे होते. आडनाव मॅक्नील, मास्टरांनी त्यांचं एव्हाना मॅकसायब करून टाकलं होतं. हातात लोकरी कापडाचा जुना तपकिरी कोट. शनिवारी तिकडे त्यांच्या मुलीचं लग्न होतं. हा कोट त्यांच्या वडिलांचा, आणि तो त्यांना लग्नात किल्टवर घालायचा होता. किल्ट म्हणजे मागे निऱ्या असलेलं, चौकड्यांचं, गुडघ्यापर्यंतचं लोकरी वस्त्र. दिसायला घागरा, पण तिकडच्या पुरुषांचा मानाचा पोशाख. कोट लांब पडत होता, तो आखूड करून हवा होता. आधीच्या दोन शिंप्यांनी त्यांना हात जोडून परत पाठवलं होतं.

मी हे सगळं मराठीत सांगितलं तसा मास्टरांचा जीव भांड्यात पडला.

'म्हणजे धोतरावरचो कोट! माझ्या बापाशीन आयुष्यभर तेच शिवल्यान.' त्यांनी साहेबांना पँटवरच कोट चढवायला लावला आणि कमरेखाली चांगलं वीतभर सोडून खडूची रेघ मारली. 'बूड झाकला पायजे. तेंका सांगा.' मी सांगितलं, जरा सभ्य शब्दांत. साहेबांना बहुधा नीट कळलं नाही, ते 'ओके' म्हणाले. मीही मान डोलावली. धोतरावरचा कोट मीही आजोबांच्या फोटोत पाहिलेला, मला तरी कुठे काय कळत होतं!

पण मास्टरांनी कात्री काही उचलली नाही. 'उद्या ता वस्त्र नेसून येवा. बघल्याबगर कात्री लावचंय नाय.'

दुसऱ्या दिवशी साहेब किल्ट नेसून आले आणि आम्ही दोघंही गार पडलो. किल्ट पँटसारखा कमरेवर नव्हे, थेट बेंबीच्या वर बांधलेला. कालची खडूची रेघ पार चुकीची! तिथं कापलं असतं तर अर्धा किल्ट कोटाखाली गेला असता. कोट त्या रेघेच्या चांगला वीतभर वर संपायला हवा होता, पुढून गोल घेतलेला. आणि नेमके तिथंच खिसे.

मास्टर स्टुलावर बसले. पाणी प्यायले. 'बाई, तेंका सांगा, दुसरो शिंपी बघा. बापाशीचो कोट हा तो. बिघडलो तर माका अन्न गोड लागाचा नाय.'

खरं सांगते, मलाही वाटलं, नको ही जोखीम. मी तसं सांगितलंही. साहेब हळूच म्हणाले, 'परवा माझं विमान आहे. आणि वडिलांचा कोट कपाटात लांब राहण्यापेक्षा लग्नात आखूड दिसलेला बरा.'

मी ते मराठीत सांगितलं. मास्टर उठले. खिसे उसवून बाजूला ठेवले, नवी रेघ मारली, चारदा मोजली आणि हात जोडले.

'बा देवा म्हाराजा, आज ह्या सायबाच्या बापाशीचो कोट तुझ्या पायाकडे ठेवलो हा...'

'व्हय म्हाराजा!' मी म्हटलं. साहेबही जमेल तसं म्हणाले.

'माझो हात थरथरता, तो तू धर...'

'व्हय म्हाराजा!'

'आणि ह्या बापाशीक तेच्या चेडवाच्या लग्नाक वेळेर...' इथं मास्टर अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकले. मग मीच मोठ्यानं 'पोचव रे म्हाराजा!' म्हणून टाकलं आणि वर 'व्हय म्हाराजा'ही मीच म्हटलं. कात्री चालायला लागली तेव्हा साहेबांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या संध्याकाळी कोट तयार. खिसे लहान करून वर बसवलेले, पुढचे पल्ले गोल, खांद्याला एक सुरकुती नाही. साहेबांनी आरशात पाहिलं आणि मास्टरांना कडकडून मिठी मारली. मास्टर तेवढ्यानंही घाबरले.

सोमवारी माझ्या फोनवर लग्नाचा फोटो आला. शाळेतून येताना मी दुकानात शिरले. मास्टरांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि बघतच राहिले.

'बाही झकास बसली आहे हो,' मी म्हटलं.

'बाही नाय, बाई. चेडवाचो हात बघतंय. कसो घट्ट धरल्यान हा बापाशीक.'

मास्टरांच्या मुलीचं लग्न कोरोनाच्या वर्षात कुडाळला झालं. कन्यादान त्यांच्या भावानं केलं. विमानं बंद होती आणि मास्टर इथं अडकले, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी तेच बोलून गेले. 'तुमचा काय दोष हो मास्टर? विमानंच बंद होती.'

त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

'चालू झाली होती, बाई. लग्नाच्या आठ दिस आधी चालू झाली होती. तिकीट पण काढलेला. मगे वाटला, परत येवक गावला नाय तर? नोकरी गेली तर? मी भियालंय.'

मी एवढंच विचारलं, 'मुलीला माहीत आहे?'

'नाय. तेका पण विमाना बंद होती असाच सांगलंय.' मास्टर टेबलावरचा खडू पुसायला लागले. 'कोट माझो शिवून तयार होतो, बाई. कापड चेडवाच्याच पसंतीचा होता.'