शोकठरावाचे अनुमोदन

शके एकोणीसशे शेहेचाळीस, चैत्र वद्य पक्षातील एक दुपार. स्थळ, शिरूर कासार तालुक्यातील एका दूध उत्पादक सहकारी संस्थेचे पत्र्याचे शेड. दुष्काळानिमित्त विशेष सभा भरली होती. पत्रा इतका तापला होता की खालची माणसे अर्धी सभेत आणि अर्धी झोपेत होती. समोरच्या माळावर उन्हाचे पाणी हलत होते, आणि त्याच्याकडे पाहत बसणे हाच त्या वर्षी पाण्याचा एकमेव उपभोग उरला होता.

मनकर्णेला मात्र झोप परवडणारी नव्हती; तिची म्हैस गोठ्यात उपाशी होती. संस्था सभासदांना मुरघास, म्हणजे मुरवून साठवलेला हिरवा चारा, वाटत होती, पण सभासदाचे नाव आधारकार्डाशी जुळले पाहिजे अशी अट होती. जन्माच्या वेळी चिकटलेले पुरुषी नाव मनकर्णेने केव्हाच सोडले होते. जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र आणले होते, आधार बदलून घेतले होते. संस्थेच्या दप्तरात तेवढे जुने नाव ठाण मांडून बसले होते. (ते नाव येथे लिहीत नाही. जिचे होते तिलाच नको असलेली वस्तू इतरांनी जपून ठेवण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.)

“गहिनीनाथभाऊ, नाव तेवढं दुरुस्त करा,” सभेआधी ती सचिवांना म्हणाली. “माणूस तेच हाय, म्हैस तीच हाय.”

गहिनीनाथ दुष्ट नव्हते. केवळ व्यवस्थित होते. “बाई, आपल्या दप्तरातून नाव दोनच वाटांनी जातं. राजीनामा, न्हाई तर मयत. राजीनामा दिला की तुमी नवीन सभासद, अन् नव्याला यंदा मुरघास न्हाई.”

“अन् मयत?”

“ते लई सोपं. वारसाचं नाव लागतं. वारस म्हून तुमच्या आईचं नाव हायच की.”

“पण मी जिती हाय की!”

“तुमी हाव. ते कुठं हायत?”

ती तोंड उघडणार तोच चेअरमन विठ्ठलराव आले आणि घंटा वाजली.

आता, सहकारी संस्थेची सभा मृतांना वंदन केल्याशिवाय जिवंतांच्या कामाला हात घालीत नाही. गहिनीनाथांनी शोकठराव वाचायला घेतला, आणि मृत सभासदांच्या शेवटी, मदत करण्याच्या शुद्ध हेतूने, ते जुने नाव हळूच वाचून टाकले. सारे उभे राहिले. मनकर्णाही उभी राहिली. कोणासाठी, हे तिला उभी राहिल्यावर कळले.

“लई इमानदार सभासद गेला,” विठ्ठलराव जड आवाजात म्हणाले. “दुधात कधी थेंबभर पाणी घातलं न्हाई.”

“मग परवा माझं दूध कावून परत केलं?” मनकर्णेने विचारले.

“मयताच्या टायमाला भांडू नये, बाई. शांतता!”

शांतता पसरली. पाकोळ्यासुद्धा तुळईवर गप्प बसल्या. मनकर्णेने डोळे मिटले, आणि तिला ते जुने नाव दिसले: हातात दुधाची कॅन घेऊन उन्हाच्या त्या पाण्यातून चाललेले, घोटे न भिजवता. तिने त्याचा कधी द्वेष केला नव्हता. ते केवळ दुसऱ्याच्या मापाचे होते. त्याने मागे वळून पाहिले नाही. तिला वाटले, जावे सुखाने. पण मरायचे कशाला?

ही शांतता फार लांबली, कारण ती संपवण्याचा अधिकार ज्यांना होता ते विठ्ठलराव उभ्याउभ्या झोपले होते. शेवटी गहिनीनाथांनी पुढचे वाचायला सुरुवात केली. त्यांची एक पद्धत होती: सभेचे इतिवृत्त ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत, आणि कोणी रुसू नये म्हणून सूचक आणि अनुमोदक यांची नावे सभासदक्रमाने पाळीपाळीने घालत.

“सूचक, धोंडीराम. अनुमोदक...” आणि ते थांबले.

“वाच की बे!” धोंडीराम मागून ओरडला.

गहिनीनाथांनी वाचले. पाळी त्या मयताचीच होती.

“म्हंजे मेलेल्यानं सोताच्याच मरणाला पाठिंबा दिला?” धोंडीरामाच्या या प्रश्नाने सगळे शेड जागे झाले, विठ्ठलरावही.

“खोडा ते नाव,” ते म्हणाले.

“खाडाखोड ऑडिटरला चालत न्हाई, साहेब.”

“मग अनुमोदक सभेला हजर हाय का?”

गहिनीनाथ आयुष्यात खोटी हजेरी मांडणारे नव्हते. त्यांनी घाम पुसला आणि पेनाने मनकर्णेकडे खूण केली. “त्या काय, हजर हायत.”

“झालं तर!” मनकर्णा पुढे आली. प्रमाणपत्र तिने टेबलावर ठेवले. “अनुमोदक हजर, नाव मनकर्णा, असं लिहा. अन् म्होरं लिहा, अनुमोदन देत न्हाई.”

गहिनीनाथांनी प्रमाणपत्र दोनदा वाचले. मग ज्या दप्तरात तिसरी वाट नव्हती त्यात त्यांनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले: नावात दुरुस्ती. सभेने माना डोलावल्या.

“पर शोकठराव तर वाचून झालाय,” विठ्ठलराव हताश झाले. “आता करायचं काय?”

वारस म्हणून अंगठा द्यायला गहिनीनाथांनी बोलावलेली पारूबाई, मनकर्णेची आई, मघापासून दारात उभी होती. तिने मुलीकडे पाहिले, मग अजून हात जोडून ताटकळत उभ्या असलेल्या साऱ्या सभेकडे पाहिले.

“माझी लेक जिती हाय,” ती म्हणाली. “म्हशीला चारा द्या, अन् बसा खाली समदे.”