सात वर्षं लवकर आलेलं प्रमाणपत्र

राजधानीतल्या साहेबांनो, हा सगळा गोंधळ तुमचा आहे. एका ओळीचा हुकूम काढलात: ज्या विद्यालयाच्या संकेतस्थळाला सुरक्षेचं कुलूप नसेल, त्याचे प्रवेशअर्ज रद्द. कुलूप म्हणजे काय, कुठं मिळतं, कुणी लावायचं, याबद्दल चकार शब्द नाही. शिक्के मात्र दोन.

जिम्मा शहराच्या अलीकडच्या एका छोट्या परिचारिका विद्यालयात हा हुकूम येऊन पडला तो ब्रुक्तावितच्या टेबलावर. कागदोपत्री ती टंकलेखिका. संगणकाचं जे काही येतं ते फाटक्या पुस्तकांतून आणि स्वतःच्या चुकांतून शिकलेली. चार दिवस खपून तिने प्रमाणपत्र मिळवलं, सर्व्हरवर बसवलं, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र उमटलं.

"एवढंसं?" प्रबंधक वोंदिमु चष्मा वर करत म्हणाले. वयाचा मान म्हणून सगळे त्यांना गाशे म्हणत.

"चित्र एवढंसं आहे, गाशे. पण काम बघा! कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली दोन यंत्रं भर बाजारात सगळ्यांदेखत बोलतात, आणि बोलता बोलता अशी खूण ठरवतात की पुढचं कुणालाच कळत नाही. मुलीचं नाव, गाव, दुखणं, सगळं बंद पाकिटात."

"आणि समोर चोरच बसला असेल तर?"

"म्हणून तर प्रमाणपत्र. तिसऱ्याने हमी दिलेली असते, की हे विद्यालय खरंच तेच आहे."

गाशे हरखले. "ज्याने हे काढलं त्याच्या आईला उदंड आयुष्य मिळो," म्हणत त्यांनी कॉफीचा पहिला पेला संपवला. एवढी हमी मिळाली म्हणजे ती भिंतीवर हवीच. त्यांनी प्रमाणपत्र छापून घेतलं, चौकट शोधली आणि तारखेपाशी येऊन अडकले. कागदावर साल दोन हजार पंचवीस. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, आणि अख्ख्या देशात, दोन हजार अठरा; इथली कालगणना बाकी जगाच्या सात वर्षं मागे चालते.

परदेशी साल त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी अर्ज भरायला येणाऱ्या मुलींच्या खोलीतले संगणक पाहिले. वीसच्या वीस दोन हजार पंचवीस दाखवत होते. अर्जांवर हीच तारीख पडली तर? राजधानीतला माणूस म्हणणार, मुदत संपून सात वर्षं झाली! गाशे घामाघूम झाले. ब्रुक्तावित जेवायला गेली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि एकेका यंत्राला आपल्या हाताने आपल्या देशात आणलं.

ती परतली तेव्हा खोलीत कालवा चालला होता.

"ताई, हे म्हणतंय इथं धोका आहे!" कॉफीच्या डोंगरातून पहाटेची चालत आलेली सोरेती रडकुंडीला आली होती. वीस पडदे लाल. दारापर्यंत मुलींची रांग. आणि अकरा वाजता, म्हणजे सूर्योदयापासून तास मोजायच्या इथल्या रीतीने ऊन उतरता उतरता, सगळं बंद होणार.

ब्रुक्तावितने सर्व्हर तपासला. ठीक. प्रमाणपत्र तपासलं. ठीक. स्वतःच्या फोनवर पाहिलं, तर कुलूप छान जागेवर. मग तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली.

"गाशे, साल कुणी बदललं?"

"मी दुरुस्त केलं," गाशे छाती काढून म्हणाले.

"एक सांगा. जो कागद अजून सात वर्षांनी निघणार आहे, तो आज कुणी तुमच्यासमोर धरला, तर त्याला आत घ्याल?"

"फाटकाबाहेर काढीन!"

"यंत्राने तेच केलंय."

गाशेंनी चष्मा वर करून तो लाल पडदा नीट वाचला. "म्हणजे वीसच्या वीस माझ्यासारखीच खडूस आहेत," ते कौतुकाने म्हणाले, आणि मुकाट्याने दहा यंत्रं परदेशात परत पाठवायला बसले. दहा तिने केली. कुलपं उगवली. साडेदहाला दोनशे चौदावा अर्ज भरून झाला. आता सगळे राजधानीच्या संकेतस्थळावर चढवायचे, की सुटका.

ब्रुक्तावितने ते उघडलं. लाल पडदा.

"मी हात लावलेला नाही!" गाशे ओरडले.

तिने पुढचं वाचलं आणि कपाळाला हात लावला. तारीख बरोबर होती. राजधानीच्याच प्रमाणपत्राची मुदत महिन्यापूर्वी संपली होती. नवं घ्यायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. तिने फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अहो बाई, खाली 'तरीही पुढे जा' लिहिलंय ना, ते दाबा," पलीकडून जांभई आली. "सगळे तेच करतात."

"मुलींची दुखणीखुपणी आहेत यात. तिथं तुम्हीच बसलाय याची हमी कोण देणार?"

"कोण बघतंय? दाबा."

गाशेंनी फोन तिच्या हातातून घेतला.

"साहेब, तेच लिहून द्या. कुलूप नसलं तरी चालतं, असं. खाली तुमचं नाव आणि सही."

जांभई अर्ध्यात थांबली. रांगेतल्या मुली फोनभोवती गोळा झाल्या.

"आमच्या टंकलेखिकेने चार दिवसांत लावलं ते तुमच्या अख्ख्या कार्यालयाला जमत नाही? दोनशे चौदा अर्ज तयार आहेत. अकराला वीस मिनिटं आहेत. कुलूप लावताय, का मुदत वाढवताय? ठेवू नका फोन. बोला, काय करताय?"