सामंतमावशींची बेगमी

मे महिन्यात कोपरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, सामंतमावशींच्या जुन्या साडीवर एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला आंबोशी आणि मधोमध फ्लॉप्या वाळत घातलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. शेजारी कावळ्यांसाठी काळी छत्री उघडून ठेवलेली. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते, असं मी सहज बोलून गेलो होतो. दुसऱ्या कोणी त्या कपाटात ठेवल्या असत्या. मावशींनी त्यांना ऊन दाखवलं.

मावशींचा मुलगा नंदू मस्कतला नोकरीला गेला, तेव्हा घरचा कॉम्प्युटर आईच्या हवाली करून आणि तिला ई-मेल शिकवून गेला. मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचो, म्हणून पुढची जबाबदारी आपोआप माझ्या गळ्यात पडली. मेलचा बॅकअप म्हणजे काय, हे मी फळ्यावर शिकवल्यासारखं समजावत होतो.

"म्हणजे बेगमी," मावशी म्हणाल्या. "एवढंच ना? मग इंग्रजीत कशाला घाबरवतोस रे?"

तेव्हापासून दर शनिवारी त्या फ्लॉपीवर मेलची बेगमी करू लागल्या. जिन्यात दिसल्या की "झाली बरं का बेगमी" असं मला कळवायच्या. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई गव्हाबद्दल बोलतायत.

त्या काहीही पुसत नसत. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने टकलावरच्या औषधाची जाहिरात पाठवली, तर तीही फ्लॉपीवर चढायची. शिवाय उत्तर जायचं, 'घरात सध्या कोणाला गरज नाही. दिवाळीनंतर विचारा.'

"मावशी, हा कचरा आहे," मी म्हणायचो.

"असू दे. दारात आलेल्याशी दोन शब्द बोलायला काय जातं?"

नंदू मराठी लिहायचा ते इंग्रजी अक्षरांत. त्यात 'कधी' आणि 'कढी' सारखंच दिसतं. 'आई, उद्या कधी करू?' असं त्याने फोनबद्दल विचारलं, तर मावशींनी ताक किती, बेसन किती, फोडणी कशी, सगळं सविस्तर कळवलं. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. नंदूने मुकाट्याने कढी केली होती.

त्या जूनमध्ये वीज आठवडाभर येत-जात राहिली आणि एके दिवशी कॉम्प्युटरची हार्ड डिस्कच बसली. मी हळहळलो, मावशी मात्र निवांत होत्या. "आपली बेगमी आहे ना," म्हणत त्यांनी तांदळाच्या डब्यातून फ्लॉप्यांचं पुडकं काढलं. उन्हाने सगळ्यांना भाजलेल्या पापडासारखा बाक आला होता. काही आत शिरेनात, शिरल्या त्या नुसत्या करकरल्या. एकही उघडली नाही. नंदूचं वर्षभराचं बोलणं गेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

"नंदूला सांगू या," मी म्हणालो. "त्याच्याकडे सगळ्या मेल असतील. परत पाठवेल."

"अजिबात सांगायचं नाही." त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "तो आंघोळीला जाता जाता दोन ओळी खरडतो रे. भात करपला, मोजा सापडत नाही, साहेब चक्रम आहे. आई हे साठवून ठेवते असं कळलं, तर तो जपून लिहायला लागेल."

"म्हणून काय बिघडलं?"

"नंदूचे बाबा बोटीवर होते. जपून लिहायचे. सर्व कुशल, काळजी नसावी. ते गेल्यावर मी त्यांची सगळी पत्रं काढून वाचली. त्यात ते कुठेच सापडले नाहीत."

पुढच्या आठवड्यात मी नवी डिस्क बसवून दिली. मावशींनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधत नंदूला लिहिलं, 'कॉम्प्युटर बिघडला होता. आता ठीक. मोजा सापडला का?'